गाव करी ते राव न करी : बेटावरचा रुग्ण आणि लोकवर्गणी



भूगोलाच्या पुस्तकात बेटाची व्याख्या एका ओळीत संपते. चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा भाग म्हणजे बेट. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतो. परंतु त्या जमिनीवर माणसे राहतात. कोणाला रात्री छातीत कळ येते, कोणी छपरावरून पडतो, एखाद्या बाईला अवेळी वेणा सुरू होतात. अशा वेळी ‘चारही बाजूंनी’ हे दोन शब्द किती जड होतात ते पुस्तक सांगत नाही. म्हणून या अंकातील अभ्यासपाठासाठी आम्ही हा विषय निवडला आहे. लहान बेटावरच्या रुग्णाला वेळेत उपचार मिळावेत यासाठी सामान्य लोकांनी पैसा पैसा जमवून काय काय उभे केले, ते आपण पाहू.

आपण माळव्यातली मंडळी. समुद्र आपल्यापासून दूर. मग हा विषय आपला कसा, असे कोणी विचारील. तर आपल्यापैकी बहुतेकांनी ओंकारेश्वरचे दर्शन घेतले आहे. ते मांधाता म्हणजे नर्मदेतले बेटच. पूल आहे म्हणून ते बेट आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. पूल नसता आणि नर्मदेला पूर आला असता, तर त्या पलीकडच्या आजारी माणसाचे काय झाले असते, एवढा विचार मनात आणून पुढे वाचावे.

१. अडचण नेमकी कोणती?

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल हा परगणा आहे. तेथून सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर समुद्रात सिली बेटे आहेत. बेटे पुष्कळ, पण वस्ती पाचच बेटांवर. सेंट मेरीज, ट्रेस्को, सेंट मार्टिन्स, ब्रायर आणि सेंट ॲग्नेस ही त्यांची नावे. २०२१ च्या जनगणनेत या सर्वांची मिळून लोकसंख्या सुमारे २,१०० होती. म्हणजे आपल्याकडचे एक मध्यम खेडे. त्यातील बहुसंख्य लोक सेंट मेरीज या बेटावर राहतात आणि लहानसे रुग्णालयही तेथेच आहे.

आता समजा, सेंट ॲग्नेसवर एखाद्याला हृदयविकाराचा झटका आला. त्याला आधी होडीने सेंट मेरीजला आणावे लागते. दुखणे मोठे असेल तर तेथून समुद्र ओलांडून ट्रुरो गावातील मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते. धुके पडले की विमान उडत नाही. वादळ असले की होडी निघत नाही. १९७७ पासून या मार्गावर चाललेले ‘सिलोनियन-३’ हे प्रवासी जहाज तर हिवाळ्यात बंदच ठेवले जात असे.

म्हणजे अडचण एक नाही, तीन आहेत. पहिली, रुग्णाजवळ लगेच पोचणारा माणूस. दुसरी, त्याला पाण्यापलीकडे नेणारे साधन. तिसरी, हे सर्व वर्षाचे ३६५ दिवस तयार ठेवण्याचा खर्च. दोन हजार लोकांसाठी मोठे रुग्णालय बांधणे कोणत्याही सरकारला परवडत नाही. आणि बांधले तरी दोन हजार लोकांत हृदयाची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला महिन्यात एखादा रुग्णही मिळणार नाही. अभ्यास सुटला की हातही सुटतो. म्हणून लहान बेटावर प्रत्येक इलाज असणे शक्यही नाही आणि योग्यही नाही. तेथे हवा असतो तो पहिला हात आणि पलीकडे नेणारी वाट.

२. वेळेचे गणित

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हा भाग नीट वाचावा. हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झटक्यात हृदयाच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अडतो. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दुखते, घाम फुटतो. हृदय बंद पडते तेव्हा माणूस कोसळतो, हाकेला उत्तर देत नाही, त्याचा श्वास नीट चालत नाही. मेंदूला रक्त मिळाले नाही तर चार ते सहा मिनिटांत इजा होऊ लागते. काहीच मदत मिळाली नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. दहा मिनिटांनी जवळजवळ काही उरत नाही. जगातली कोणतीही होडी किंवा हेलिकॉप्टर दहा मिनिटांत समुद्र ओलांडून येत नाही.

म्हणून पहिला हात गावातलाच असावा लागतो. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल असे दाबत राहणे याला सीपीआर म्हणतात. याने बंद हृदय बहुधा सुरू होत नाही, पण मेंदूकडे थोडे रक्त जात राहते. म्हणजे वेळ विकत मिळतो. हृदय पुन्हा ताळ्यावर आणण्याचे काम विजेचा झटका देणारे डीफिब्रिलेटर यंत्र करते. आजचे यंत्र स्वतःच हृदयाची लय तपासते, बोलून सूचना देते आणि गरज नसेल तर झटका देतच नाही. त्यामुळे शिक्षक, दुकानदार, नावाडी, कोणीही ते वापरू शकतो.

हे यंत्र पूर्वी रुग्णालयातच असे. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी १९६५ साली ते रुग्णवाहिकेत नेता येईल असे केले. त्याचे वजन सुमारे ७० किलो होते आणि ते मोटारीच्या बॅटरीवर चाले. पुढे तीन वर्षांत ते अवघ्या ३ किलोंच्या घरात आले. रुग्ण डॉक्टरकडे पोचेपर्यंत मरतो, म्हणून इलाजच रुग्णाकडे न्यावा, हा पँट्रिज यांचा विचार. बेटांना तर तो दुप्पट लागू पडतो.

३. एक बेट रिकामे झाले

वैद्यकीय मदत नसेल तर गावाचे काय होते, याचे एक उदाहरण इतिहासात आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, बाकीच्या बेटांपासूनही सुमारे ६५ किलोमीटर आत महासागरात, सेंट किल्डा नावाचे बेट आहे. तेथे शेकडो वर्षे लोक राहत होते. मेंढ्या पाळणे आणि कड्यावरचे समुद्रपक्षी पकडणे हा त्यांचा व्यवसाय. हिवाळ्यात महिनोन्‌महिने बाहेरच्या जगाशी संबंध तुटे. १९३० मध्ये तेथील एक आजारी तरुण स्त्री ग्लासगोच्या रुग्णालयात मरण पावली. तिला वेळेत हलवता आले नव्हते. तरुण मंडळी आधीच गाव सोडून जात होती. त्या दुःखानंतर उरलेल्यांचाही धीर सुटला. आम्हाला येथून न्या, असा अर्ज त्यांनी स्वतःच सरकारला केला. २९ ऑगस्ट १९३० या दिवशी शेवटचे ३६ जण जहाजात बसले आणि बेट रिकामे झाले.

हे एकच कारण होते असे आम्ही म्हणत नाही. पीक, रोजगार, एकटेपणा, सर्वच गोष्टी होत्या. पण ज्या गावात रात्री आजारी पडण्याची भीती वाटते, त्या गावात तरुण जोडपी घर मांडत नाहीत. मग शाळेत मुले येत नाहीत. मग शाळा बंद होते. आपल्यासारख्या, गावाबाहेर राहून आपली भाषा टिकवणाऱ्या समाजाला हा क्रम वेगळा समजावून सांगायला नको.

४. होडी आणि हिलरी

आता लोकांनी काय केले ते पाहू. आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यामध्ये आइल ऑफ मॅन हे बेट आहे. तेथील डग्लस गावात सर विल्यम हिलरी राहत असत. घरासमोरच्या उपसागरात जहाजे फुटत आणि माणसे डोळ्यांदेखत बुडत. हिलरी स्वतः होडीत उतरून लोकांना वाचवीत. पण असा एक शूर माणूस किती ठिकाणी पुरणार? १८२३ साली त्यांनी एक छोटे पुस्तक लिहून राष्ट्राला आवाहन केले की, बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी देशभर कायमची व्यवस्था हवी. नौदल खात्याने फारसे मनावर घेतले नाही. तेव्हा त्यांनी लोकांकडे पदर पसरला. ४ मार्च १८२४ रोजी लंडनमध्ये सभा भरली आणि संस्था स्थापन झाली. तीच आजची रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन.

पुढे १८३२ साली हिलरींच्या पुढाकाराने डग्लसच्या उपसागरातील खडकावर एक लहान बुरूज बांधला गेला. पैसा लोकवर्गणीचा, आणि हिलरींनी स्वतःही वाटा उचलला. जहाज फुटले तर माणसांनी पोहत येऊन तेथे आसरा घ्यावा, म्हणून आत पाव आणि गोडे पाणी ठेवलेले असे. आपल्याकडे वाटसरूंसाठी पाणपोई आणि धर्मशाळा बांधतात, तीच ही भावना. अहिल्यामाईंच्या नगरीत राहणाऱ्यांना ती परकी वाटायला नको.

ही संस्था दोनशे वर्षे झाली तरी मुख्यतः देणग्या आणि मृत्युपत्रांतून मिळणाऱ्या रकमांवर चालते. तिच्या होड्यांवरचे बहुतेक लोक बिनपगारी स्वयंसेवक आहेत. कोणी मच्छीमार, कोणी शिक्षक, कोणी सुतार. संदेश आला की हातातले काम टाकून धावतात. २०२४ साली संस्थेला २०० वर्षे झाली, तोपर्यंत १,४६,००० हून अधिक जीव वाचल्याची नोंद आहे. सिली बेटांतील सेंट मेरीज येथे १८३७ साली या संस्थेचे केंद्र सुरू झाले. आयर्लंडजवळच्या आरन बेटांवर १९२७ साली झाले. अशा ठिकाणी ही होडी केवळ बुडणाऱ्यांसाठी नसते. हेलिकॉप्टर येऊ शकले नाही तर अडलेल्या बाईला आणि आजारी म्हाताऱ्याला पलीकडे नेणारी रुग्णवाहिकाही तीच होते.

५. मँचेस्टरचा शनिवार

संस्था चांगली असली तरी पैसा आटतो. ९ डिसेंबर १८८६ च्या रात्री ‘मेक्सिको’ नावाचे जहाज इंग्लंडच्या लँकेशायर किनाऱ्यावर वादळात सापडले. त्याला वाचवायला तीन गावांच्या होड्या निघाल्या. एका होडीने जहाजावरचे १२ लोक सुखरूप आणले. दुसऱ्या दोन होड्या उलटल्या आणि २७ स्वयंसेवक बुडाले. कितीतरी घरांत कमावता माणूस उरला नाही.

चार्ल्स मकारा हे मँचेस्टरमधील कापड उद्योगातले गृहस्थ त्याच किनाऱ्यावर राहत असत. त्यांनी या घरांसाठी मदत गोळा केली आणि संस्थेचे हिशेबही पाहिले. त्यांना दिसले की, एवढे मोठे काम मूठभर श्रीमंतांच्या देणग्यांवर उभे आहे. सामान्य माणसाला कोणी विचारलेलेच नाही. मग १० ऑक्टोबर १८९१ रोजी मँचेस्टरच्या रस्त्यांवरून खरोखरच्या होड्यांची मिरवणूक निघाली. बँड वाजत होते, होडीवरचे लोक आपल्या पोशाखात बसले होते. स्वयंसेवकांनी लांब काठ्यांना जाळीच्या पिशव्या बांधल्या होत्या. त्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांपर्यंत आणि गाड्यांच्या टपांपर्यंत पोचत. समुद्र ज्यांनी कधी पाहिला नाही अशा गिरणी कामगारांनी त्यात आपली नाणी टाकली. एका दिवसात ५,००० पौंडांहून अधिक रक्कम जमली. रस्त्यावर उभे राहून सार्वजनिक कामासाठी पैसे गोळा करण्याची ही इंग्लंडमधील पहिली मोठी मोहीम समजली जाते.

विद्यार्थी मित्रांनो, येथे जरा थांबा आणि विचार करा. मकारांनी नवे काय केले? त्यांनी आधी माणसांना होडी दाखवली, मग पैसे मागितले. ज्या वस्तूसाठी आपण चंदा मागतो ती समोर दिसली, तिच्यावर काम करणारी माणसे दिसली, की देणारा भीक घालत नाही, सहभागी होतो. दुसरे म्हणजे, थोड्यांकडून मोठी रक्कम घेण्यापेक्षा पुष्कळांकडून थोडी थोडी घेतली तर काम एकाच्या मर्जीवर राहत नाही.

आपल्या पूर्वजांनाही हे ठाऊक होते. महाराष्ट्रात पैसा फंडाची चळवळ झाली, ती दरमाणशी एक पैसा या तत्त्वावर, आणि तिच्यातून १९०८ साली तळेगावचा काचकारखाना उभा राहिला. त्याच वर्षी पोर्तुगीज राजवटीत पणजी येथे मुष्टिफंड संस्था स्थापन झाली. रोज स्वयंपाकाचे तांदूळ घेताना एक मूठ बाजूला काढायची आणि त्यातून मराठी शाळा चालवायची, अशी ती कल्पना. एक मूठ तांदळाने घरातले कोणी उपाशी राहत नाही, पण शाळा उभी राहते.

६. आकाशातून मदत

होडीला तास लागतात. स्कॉटलंडच्या आयला बेटावर १४ मे १९३३ रोजी पोटाच्या गंभीर दुखण्याने तळमळणाऱ्या एका मच्छीमाराला लहान विमानाने ग्लासगोला आणले गेले. स्कॉटलंडमधील हे पहिले रुग्णवाहू उड्डाण. सेंट किल्डा रिकामे होऊन तीन वर्षेही झाली नव्हती. पुढे अशी उड्डाणे नियमित झाली. बारा या बेटावर तर वाळूच्या किनाऱ्यावरच विमान उतरते आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच विमानाची वेळ ठरते.

सिली बेटांकडे पुन्हा वळू. १ एप्रिल १९८७ रोजी कॉर्नवॉलमध्ये ब्रिटनमधील पहिली हेलिकॉप्टर रुग्णवाहिका सुरू झाली. कॉर्नवॉल आणि सिली बेटे हा तिचा प्रदेश. ती धर्मादाय संस्था आहे, म्हणजे हेलिकॉप्टर उडते ते देणग्यांवर. २०२० साली तेथे नवे, मोठे आणि वेगवान हेलिकॉप्टर आले. त्यासाठी २५ लाख पौंड जमवण्याची मोहीम लोकांनी पार पाडली. कोणी धावण्याच्या शर्यती केल्या, कोणी केक विकले, कोणी जुन्या कपड्यांची दुकाने चालवली. शाळांनी डबे फिरवले. स्कॉटलंडमध्येही सरकारी हेलिकॉप्टरांच्या जोडीला २०१३ पासून एक लोकवर्गणीवरचे हेलिकॉप्टर उडू लागले आणि २०२० साली दुसरे आले.

७. घेणे सोपे, सांभाळणे अवघड

आता गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण. यातील आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत. एका बेटावर ४०० घरे आहेत. गावाने एक डीफिब्रिलेटर घ्यायचे ठरवले. किंमत १,००,००० रुपये. दर घरी २५० रुपये. महिन्याभरात रक्कम जमते, नारळ फुटतो, फोटो निघतो. आणि खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. यंत्राची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. छातीवर चिकटवायच्या पट्ट्यांची मुदत साधारण दोन वर्षांत संपते. पेटी खाऱ्या हवेत गंजते. दर वर्षी नव्या लोकांना शिकवावे लागते. हा खर्च वर्षाला १०,००० रुपये धरला तर दहा वर्षांत आणखी १,००,००० रुपये होतात. म्हणजे खरी किंमत दुप्पट निघाली. घरटी ५०० रुपये. तरी दहा वर्षांत, म्हणजे १२० महिन्यांत वाटले तर दरमहा ४ रुपये १७ पैसे. चहाच्या अर्ध्या कपाइतकेही नाही.

तेव्हा वर्गणी मागताना खरेदीचा आकडा सांगून भागत नाही, दहा वर्षांचा आकडा सांगावा लागतो. जी समिती हे आधी सांगत नाही, तिचे यंत्र तीन वर्षांनी भिंतीवरची शोभा होऊन बसते. आणि गरजेच्या दिवशी झाकण उघडल्यावर बॅटरी संपलेली निघणे हे यंत्र नसण्यापेक्षा वाईट, कारण लोक त्याच्या भरवशावर राहिलेले असतात.

दुसरी गोष्ट कुलपाची. चोरीच्या भीतीने अशी पेटी कार्यालयात बंद करून किल्ली एकाच्या खिशात ठेवली, तर ती रात्री कोणाच्या उपयोगाची? यंत्र कोठे आहे हे लहान मुलालाही माहीत असले पाहिजे.

तिसरी गोष्ट हिशेबाची. पावती प्रत्येकाला मिळावी, मग ती दहा रुपयांची असो. वर्षाअखेर जमा, खर्च आणि शिल्लक असा कागद सर्वांना दिसेल अशा जागी लागावा. यंत्र किती वेळा वापरले, किती लोकांनी शिक्षण घेतले, हेही त्यात असावे. पैसा कमी पडला तर लोक पुन्हा देतात, पण एकदा विश्वास गेला की पुढच्या पिढीलाही कोणी दारात उभे करत नाही.

८. हे काम सरकारचे की लोकांचे?

हा प्रश्न पालक नक्की विचारतील आणि तो योग्यच आहे. आपण कर भरतो, मग आपत्कालीन उपचारांसाठी पुन्हा वर्गणी कशाला?

इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात व बेटांवर डॉक्टरांचे पोटच भरत नसे, कारण लोक गरीब आणि घरे विखुरलेली. १९१२ साली ड्यूअर समितीने हे सर्व तपासून अहवाल दिला. १९१३ पासून सरकारने वर्षाला ४२,००० पौंड देऊन तेथे डॉक्टर आणि परिचारिका ठेवण्याची योजना सुरू केली. साऱ्या ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा १९४८ साली आली, म्हणजे ३५ वर्षे नंतर. हे काम बरण्या फिरवून कधीच झाले नसते. नियमित पगार, औषधे, रुग्णालये ही शासनाचीच जबाबदारी आहे.

उलट होड्यांच्या संस्थेने १८५४ ते १८६९ या काळात सरकारी मदत घेतली आणि नंतर ती सोडून पुन्हा लोकांच्या पैशावर उभी राहिली. लोकवर्गणीची ताकद अशी की तिला मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. तिची कमजोरी अशी की जेथे श्रीमंत पाहुणे येतात त्या बेटावर पैसा पटकन जमतो आणि जेथे सर्वच गरीब आहेत तेथे जमत नाही. दुखणे मात्र दोन्हीकडे सारखेच येते. म्हणून आमच्या मते उत्तर असे की पाया शासनाचा असावा आणि पहिला हात गावाचा. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण खरी आहे. पण गाव करतो म्हणून रावाने झोपावे, असा तिचा अर्थ नाही. वर्गणी देणाऱ्याने शासनाला प्रश्न विचारण्याचा हक्कही सोडू नये.

९. आपल्याकडे काय चित्र आहे?

आपल्या देशातही पाण्याने अडवलेली गावे पुष्कळ आहेत. गोव्यात जुन्या गोव्याहून दिवाडीला जायचे तर फेरीबोटीची वाट पाहावी लागते. आसामात ब्रह्मपुत्रेतील बेटांवर पुरात महिनोन्‌महिने रस्ता नसतो. तेथे २००५ साली दिब्रुगड येथून ‘आखा’ नावाची दवाखाना-होडी सुरू झाली. आखा म्हणजे आशा. डॉक्टर, परिचारिका आणि औषधे घेऊन होडी बेटांवर जाऊ लागली, आणि पुढे शासनाच्या आरोग्य अभियानाची साथ मिळून अशा होड्यांची संख्या वाढली. पाया आणि पहिला हात एकत्र आल्याचे हे आपल्याच देशातले उदाहरण आहे.

रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकाची सेवा २००५ साली आंध्र प्रदेशात सुरू झाली आणि नंतर अनेक राज्यांत पसरली. आपल्या मध्य प्रदेशात २०२४ साली शासनाने हवाई रुग्णवाहिकाही सुरू केली. परंतु पहिली दहा मिनिटे कोणतीही गाडी आणि कोणतेही विमान देऊ शकत नाही. भर चौकातल्या गर्दीत रुग्णवाहिका अडकते तेव्हा आपली गल्लीसुद्धा बेटच झालेली असते. चारही बाजूंनी पाणी नसते, गाड्या असतात एवढाच फरक.

रस्त्यावरच्या जखमी माणसाला हात लावायला लोक पोलीस-कचेरीच्या भीतीने कचरतात. तेव्हा हेही सर्वांना माहीत असावे की, मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अपघातात चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेले आहे.

१०. शाळेची विनंती

या पाठाचा उपयोग केवळ वाचनापुरता राहू नये, म्हणून आम्ही तीन गोष्टी मांडतो. विद्यार्थ्यांनी, विशेषतः नववीपासून पुढच्या वर्गांनी, सीपीआर प्रत्यक्ष शिकावे. पालकांपैकी जे डॉक्टर व परिचारिका आहेत, त्यांनी वर्षातून दोन शनिवार यासाठी द्यावेत. वाचून हे येत नाही, बाहुल्यावर हात दाबूनच येते. पालकांनी घराचा पूर्ण पत्ता, जवळची खूण आणि घरातील रुग्णांच्या औषधांची नावे एका कागदावर लिहून दाराजवळ लावावीत. घाईच्या वेळी स्वतःच्या घराचा पत्ताही नीट सांगता येत नाही. आणि विश्वस्त मंडळाने प्रांगणात एक डीफिब्रिलेटर ठेवण्याचा विचार करावा. घ्यायचे ठरले तर दहा वर्षांच्या खर्चासह घ्यावे, शाळेबाहेरच्या मोहल्ल्यालाही वापरता येईल अशा जागी ठेवावे आणि हिशेब दर वर्षी याच पत्रिकेत छापावा. नाही ठरले तर घाईने घेऊ नये. शिकवलेले हात यंत्रापेक्षा आधी लागतात, आणि त्यांना बॅटरी लागत नाही.

अभ्यास : विचार करून लिहा

१) नकाशात सिली बेटे, आइल ऑफ मॅन, सेंट किल्डा, आयला आणि बारा शोधा. प्रत्येकाचे जवळच्या मोठ्या भूमीपासूनचे अंतर मोजा.

२) एका गावात २५० घरे आहेत. यंत्राची किंमत १,२०,००० रुपये आणि देखभाल वर्षाला ८,००० रुपये. दहा वर्षांसाठी प्रत्येक घराला दरमहा किती द्यावे लागेल? गावातील ५० घरे देऊ शकत नसतील तर उरलेल्यांचा वाटा किती होईल? त्या ५० घरांना यंत्र वापरू द्यावे का? कारण लिहा.

३) मूठभर तांदूळ काढून ठेवणे आणि काठीला पिशवी बांधून नाणी गोळा करणे, या दोन पद्धतींत साम्य काय आणि फरक काय?

४) आजी-आजोबांना विचारा : आपली शाळा, आपले मंगल कार्यालय किंवा आपला गणेशोत्सव सुरू झाला तेव्हा पैसा कसा जमला? हिशेब कोण ठेवत असे? मिळालेली माहिती एका पानात लिहून वर्गशिक्षकांकडे द्या. उत्तम लेख पुढील अंकात घेऊ.

दुसऱ्या प्रश्नाच्या शेवटच्या भागाचे उत्तर पुस्तकात नाही. त्यावर रात्री जेवताना घरात सर्वांनी बोलावे, अशी आमची इच्छा आहे.